पाचवं शील

शेणव्याच्या बौद्धवाड्यात धम्मपाल म्हणजे मोठं प्रस्थ. ठाण्याला सरकारी हापिसात कारकून, मंडळाचा अध्यक्ष, कुणाचा दाखला अडला, कुणाचं रेशनकार्ड फाटलं, की माणसं त्याच्याच ओटीवर. भाषणाला उभा राहिला की दोन्ही हात मागे बांधायचा आणि आवाज असा लावायचा की रडणारं पोर गप्प व्हावं. दारूवर बोलायला लागला की मग तर विचारू नका. "बाबासाहेबांनी आपल्याला माणसात आणलं आणि तुमी परत गुत्त्यात जाता? लाज नाय वाटत?" असं विचारायचा. समोर बसलेल्या चारदोन माना खाली जायच्या.

स्वतः तो घेत नव्हता. म्हणजे गावात घेत नव्हता. ठाण्याला महिन्यातून एकदा हापिसातल्या तिघाचौघांबरोबर बसायचा, पण ठाणं कुठं आणि शेणवा कुठं! मधे सगळं कल्याण-आसनगाव पडलंय, आपलं कोण बघतंय, असा त्याचा हिशेब. आणि दुसऱ्या दिवशी गावात आला की परत हात मागे बांधून उभा.

त्याचा थोरला भाऊ सोमा अगदी उलटा. बोलणं कमी, भात आणि बैल एवढंच जग. धर्मांतर झालं तेव्हा सोमा सात वर्षांचा होता, म्हणून त्याचं नाव जुनंच राहिलं; धम्मपाल नंतरचा, त्याला नाव नवं मिळालं. म्हातारी गोजाबाई हसून म्हणायची, "एक जुन्यातला, एक नव्यातला, पर दोगंबी माजेच." पण वाड्यात सोमाला एक मान होता आणि तो धम्मपालच्या अध्यक्षपदापेक्षा मोठा होता. दर पौर्णिमेला विहारात वंदना तो घ्यायचा. पांढरा सदरा घालून पुढे बसायचा, त्रिशरण म्हणायचा, मग पंचशील. चौथं खोटं न बोलण्याचं, पाचवं दारू न पिण्याचं. तो एकेक ओळ म्हणायचा आणि मागून सगळा वाडा म्हणायचा. शरण तीन-तीनदा, शीलं एकेकदाच. वीस वर्षं हे चाललं होतं. सोमाला दुसरी काही हौस नव्हती हो, पौर्णिमेची तेवढी होती. आदल्या दिवशी सदरा स्वतः धुवायचा, बायकोला हात लावू द्यायचा नाही.

तर ही गोष्ट दोन हजार सहा सालची. माघ महिन्यात सोमाच्या पोटात दुखायला लागलं. आठ दिवस ओवा खाऊन काढले, मग धम्मपालनेच त्याला शहापूरला डॉक्टरकडे नेलं, सोनोग्राफी केली. रिपोर्ट इंग्रजीत. धम्मपालने तो दवाखान्याच्या पायरीवरच उघडला आणि दुसऱ्याच ओळीत त्याला दिसलं, लिव्हरमध्ये गाठ. साडेचार सेंटीमीटर.

आता लिव्हर म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाला काय आठवतं सांगा. दुसरं काही आठवतच नाही! वाड्यात मागच्या दहा वर्षांत चार माणसं लिव्हरने गेली आणि चारही पिऊन गेली. पोट माठासारखं फुगलेलं, डोळे पिवळे. शेणवा असो, सापगाव असो, कुणाला लिव्हरचं निघालं की पहिला प्रश्न एकच, किती वर्षं घेत होता? धम्मपालच्या मनात तोच आला. आणि लगेच त्याला सोमाची पिशवी आठवली. सोमा महिन्यातून एकदा मुरबाडकडे धसईच्या बाजाराला जायचा, एकटाच. येताना पिशवीला मोहाचा वास यायचा. तिथं डोंगरातल्या पाड्यावरचा चांगो म्हणून त्याचा दोस्त होता, त्याच्याकडून तो वाळलेली मोहाची फुलं आणायचा, बैलाला चारायला. हे धम्मपालला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं! पण मनात एकदा विष भिनलं की माणूस ठाऊक असलेलंसुद्धा विसरतो. फुलं आणतो तर फुलांचं पाणीपण घेत असेल, असं त्याने ठरवून टाकलं. रिपोर्टाच्या खाली शेवटी आणखी एक ओळ होती, ती त्याने वाचली, घडी घातली आणि कागद आपल्या हापिसच्या बॅगेत ठेवला.

माघी पौर्णिमेच्या बैठकीत त्याने विषय काढला. वंदनेच्या आधी, सगळ्यांसमोर, आई समोर बसलेली असताना.

"दादा, सगळ्यांदेखत विचारतो. तुझ्या लिव्हरला गाठ निघालीय. खरं सांग, घेतोस का?"

सोमाला आधी समजलंच नाही. मग त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मी घेत नाय," तो म्हणाला.

"मंग लिव्हर उगंच सुजतं का? धसईला कशाला जातोस?"

"बैलाला मोह आनाया."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सोमाने धम्मपालकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं, पण बोलला नाही. उठला, पुढच्या चटईवरून मागे जाऊन बसला, भिंतीला टेकून. धम्मपाल म्हणाला, "पिणाऱ्या तोंडानं पंचशील नको. दादा बरा होईस्तोवर वंदना मी घेईन." आणि घेतली की! माघाची घेतली, फाल्गुनाची घेतली, चैत्राची घेतली. फाल्गुनाच्या तीनच दिवस आधी तो ठाण्याला बसला होता.

वाड्यात मग सोमाचं काय राहिलं? बायका पाणवठ्यावर गिरजाला, म्हणजे सोमाच्या बायकोला, आडून विचारायला लागल्या. पोरं सोमाच्या पिशवीचा वास घेऊन पळायची. सोमाने धसईला जाणंच बंद केलं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सदरा मात्र धुवायचा, वाळवायचा आणि घडी घालून परत पेटीत ठेवायचा. गिरजाने ते दोनदा पाहिलं. चैत्र सरता सरता तिचं डोकं फिरलं. तिने सोमाला घेतलं, जीप पकडली आणि तडक शहापूरच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "डाक्टर, ह्यांच्या गाठीचं काय ते करा. मरायचे असतील तर तसं सांगा."

डॉक्टर तिच्यावरच ओरडले. "मी फेब्रुवारीत लिहून दिलंय, एमआरआय करा म्हणून! ही गाठ साधीपण असू शकते, नुसत्या सोनोग्राफीत कळत नाही. तीन महिने काय करत होता? रिपोर्ट कुठे आहे?"

रिपोर्ट धम्मपालच्या बॅगेत होता. गिरजाने तो संध्याकाळी मागितला तेव्हा त्याने काढून दिला. ती म्हणाली, "भावजी, खाली लिवलंय म्हनं येमाराय करा. तुमी वाचलं नाय?"

"वाचलं वहिनी. मला वाटलं..." आणि तो थांबला. काय सांगणार? पिणाऱ्याच्या गाठीला कशाला एवढी तपासणी, असं वाटलं, हे वहिनीच्या तोंडावर कसं सांगणार? पहिली लाज त्याला तिथं वाटली. लहानशीच वाटली, पण त्या रात्रभर ती काही हलली नाही.

पुढच्या सोमवारी रजा टाकून तो स्वतः सोमाला कल्याणला घेऊन गेला. एमआरआयच्या त्या थंडगार खोलीबाहेर सोमाचं घड्याळ, किल्ली, कमरेचा पट्टा सगळं काढून धम्मपालच्या हातात दिलं. आतला माणूस म्हणाला, "बाबा, मी सांगेन तेव्हा श्वास सोडून रोखून धरायचा. हलायचं नाही. मधे हातातून औषध जाईल, घाबरू नका." सोमाने मान डोलावली. दार बंद झालं आणि आत ठोकाठोक सुरू झाली, जणू कोणी पत्र्यावर हातोडा हाणतंय.

धम्मपाल बाहेर बाकड्यावर बसला. हातात भावाची किल्ली. आणि नको ते आठवायला लागलं.

दोन वर्षांपूर्वीची दिवेलागण. ठाण्याहून येताना त्या दिवशी त्याला जास्त झाली होती. शहापूरच्या स्टँडवर उतरला आणि पाय एकीकडे, आपण एकीकडे. जीपवाला घेईना. तेवढ्यात सोमा दिसला, खताची गोणी घेऊन निघालेला. सोमाने गोणी तिथेच एका दुकानात टाकली, भावाच्या काखेत हात घातला, जीपवाल्याला विनवून गावाच्या अलीकडेच उतरला आणि त्याला गावात आणलं ते रस्त्याने नाही, ओढ्याकडून. ओढ्यावर तोंड धुवून दिलं. कुणाच्या तरी परसातली पेरूची पानं तोडली आणि चावायला लावली, वास जावा म्हणून. घरी गोजाबाईने विचारलं, "काय झालं रे याला?" तर सोमा म्हणाला, "गाडी लागली, आये. झोपू दे त्याला." सकाळी त्याबद्दल एक शब्द नाही. त्यानंतरही कधी नाही. धम्मपालने मनाची समजूत घातली होती की दादा विसरला असेल.

विसरतोय कसला! माघाच्या बैठकीत सोमा आपल्याकडे तेवढा वेळ का बघत राहिला, ते धम्मपालला आता त्या बाकड्यावर कळलं. एक वाक्य बोलला असता तर त्याची सुटका झाली असती आणि धम्मपाल मेला असता. ते वाक्य गिळून माणूस भिंतीला जाऊन बसला. 

तासाभराने डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत बोलावलं. मशीनवाला मधेच म्हणाला, "मॅडम, या बाबांसारखा श्वास कोणी रोखत नाही. एक चित्र बिघडलं नाही."

"काय करता तुम्ही?" बाईंनी हसून विचारलं.

"शेती," सोमा म्हणाला. "आनि आधी वंदना घ्यायचो." धम्मपालने खिडकीकडे पाहिलं.

बाईंनी फिल्म उजेडावर लावल्या. "ही बघा तुमची गाठ. या चित्रात कशी पांढरीशुभ्र दिसते? आता हे औषध टोचल्यानंतरचं. आधी फक्त कडेकडेला औषध आलं, मधे काळंच. हे थोड्या वेळाने, आत सरकलं. आणि हे शेवटचं, सगळी भरली आणि भरलेलीच राहिली. वाईट गाठ सहसा असं करत नाही. ती औषध घाईघाईने ओढते आणि लगेच सोडून देते. सोनोग्राफीत दोघी बहिणींसारख्या दिसू शकतात, इथं चाल वेगळी कळते."

सोमा फिल्मजवळ वाकला. "म्हंजे खाचरात पानी सोडल्यावानी," तो म्हणाला. "आधी बांधाबांधानं फिरतं, मंग मधी जातं. आनि बांध धड असला तर ऱ्हातं."

"अगदी तसंच!" बाई खूश झाल्या. "हेमँजिओमा म्हणतात याला. बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता. बहुतेक जन्मापासूनच असेल. काहींच्या अंगावर लाल डाग असतो ना, तसा तुमच्या आत आहे समजा. कॅन्सर नाही. काही करायचं नाही, सहा महिन्यांनी एकदा सोनोग्राफी करून बघा. पोटात दुखतं ते पित्ताने असेल, त्याची गोळी तुमचे डॉक्टर देतील."

इथं गप्प बसावं की नाही माणसाने? पण नाही. तीन महिने ज्यावर उभा होता ती जमीन धम्मपालला इतक्यात सोडवेना. तो म्हणाला, "मॅडम, पण दारूनं होते का अशी गाठ?"

"दारूने? ही नाही होत." बाईंनी बोट फिरवलं. "आणि बाकीचं लिव्हर बघा ना यांचं. कड गुळगुळीत, कुठे आकसलेलं नाही, चरबीसुद्धा नाही. माझ्यापेक्षा चांगलं आहे. का? दारू कोण म्हणालं?"

धम्मपालची मान वर होईना. सोमा जमिनीकडे बघत म्हणाला, "कोन नाय बाई. गावातली मानसं काय पन बोलतात."

पुन्हा! पुन्हा त्याने झाकलं. धम्मपालला वाटलं, त्यापेक्षा याने माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. बाहेर आल्यावर सोमाने पट्टा बांधला, घड्याळ घातलं आणि पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. "धम्मा, पौर्निमेला सांगशील ना सगल्यांना?"

"सांगतो दादा," धम्मपाल म्हणाला.

पुढची पौर्णिमा वैशाखातली. बुद्ध जयंती, वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. ठाणे, कल्याण, कुठे कुठे नोकरीला गेलेली माणसं बायकापोरांसकट आलेली. विहारात पाय ठेवायला जागा नाही. पुढे बायकांत गोजाबाई, तिच्या शेजारी गिरजा. सोमा त्या दिवशी सदरा घालून आला होता, पण बसला भिंतीलाच, बोलावल्याशिवाय पुढे आला नाही.

धम्मपाल उभा राहिला. घरून त्याने सगळं ठरवून आणलं होतं. काय बोलायचं, कसं बोलायचं. पण समोर हापिसातला एक ओळखीचासुद्धा बसलेला दिसला आणि त्याची जीभ वळली ती भलतीकडेच. "आनंदाची बातमी आहे," तो म्हणाला. "दादाचा एमआरआय झाला. गाठ साधी निघाली. आजपासून वंदना परत दादा घेईल." एवढंच. तपासणी सांगितली, माफी मागितली नाही. टाळ्या पडल्या. म्हातारा कान्हा मोठ्याने म्हणाला, "टायमावर सोडली म्हनून वाचला बग! शिका रे पोरांनो!" माना डोलल्या. अख्ख्या विहाराने तेच धरलं. सोमा प्यायचा, आता सोडली, म्हणून वाचला.

नंतर सांगू, घरोघर जाऊन सांगू, असं काहीतरी मनाशी बोलत धम्मपाल खाली बसला. गिरजाने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला पाणी प्यावंसं वाटलं.

सोमा पुढे येऊन बसला. त्याने काही खोडून काढलं नाही. हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू केलं. तोच आवाज, घरच्या विहिरीच्या पाण्यासारखा. त्रिशरण झालं. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथ्याला सोमाचा आवाज थोडा बसला, त्याने घसा खाकरला आणि म्हटलं. मग पाचवं. सगळा विहार मागून म्हणाला. धम्मपालचे ओठ हलले नाहीत. इतकी वर्षं बिनदिक्कत म्हणत आला, पण आज ती ओळ त्याच्याने म्हणवेना, काय करेल?

पंचशील संपलं होतं. पण सोमा पुढे गेला नाही. थांबला. आणि पाचवी ओळ त्याने पुन्हा म्हटली.

माणसं गोंधळली. शीलं एकदाच म्हणतात, दोनदा कोण म्हणतं? थोड्यांनी मागून म्हटली, थोडी गप्प. "इसरला," कान्हा पुटपुटला. मागून कुणीतरी म्हणालं, "तीन महिने सुटलं की असंच होतं. आनि डोस्कं बी गेलं असल ना त्या पिन्यापायी." एक पोरगी हसली. सोमा डोळे मिटून, हात जोडून तसाच. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

त्या सगळ्या गर्दीत एकट्या धम्मपालला कळलं की वाट कुणाची आहे. वीस वर्षं सोमा हे आवाज ऐकत आला होता, मागच्या गर्दीतला कुठला कमी पडला हे त्याला डोळे मिटून कळायचं. आता याही वेळी भावावर हसू सांडलं आणि पुन्हा आपल्याच पायी. धम्मपाल उठला. हात मागे बांधले नाहीत, ते लोंबकळतच राहिले.

"दादा विसरला नाय," तो म्हणाला. आवाज भाषणाचा नव्हता. "माझ्यासाठी थांबलाय तो. त्यानं सोडली-बिडली काय नाय. त्यानं कधी घेतलीच नाय. डॉक्टरीण म्हणाली, लिव्हर एकदम चांगलं आहे. गाठ जन्माचीच आहे. घेतो तो मी. ठाण्याला बसतो, दर महिन्याला. ह्या तोंडानं दादाला सगळ्यांसमोर विचारलं आणि ह्याच तोंडानं तीन पौर्णिमा वंदना घेतली."

हापिसातल्या ओळखीच्याने मान वळवली. धम्मपालला वाटलं, जमीन फाटली तर बरं होईल, पण ती काही फाटली नाही. त्याला उभंच राहावं लागलं.

गोजाबाईला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण कान शाबूत होते. ती म्हणाली, "सोमा, म्हंजे त्या सांजंला त्याला गाडी लागली नव्हती?"

सोमाने डोळे उघडले. "नाय आये," तो म्हणाला. "खोटं बोललो मी तुला. दोन वर्सं चौथं शील म्हनताना अडकतो मी." मग धम्मपालकडे बघून, घरी जेवायला हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "बस धम्मा. चौथ्यापासनं परत घेऊ. चौथं माजं, पाचवं तुजं."

धम्मपाल खाली बसला. दोघांनी हात जोडले. चौथी ओळ सोमाने म्हटली आणि त्याच्या मागून सगळ्यांनी. पाचवी त्याने म्हटली आणि या वेळी मागून कोणी म्हणालं नाही, कान्हासुद्धा नाही; सगळे थांबले. धम्मपालने ती एकट्याने म्हटली, मान खाली घालून, अडखळत, आणि मधला एक शब्द सोमाला हळूच सांगावा लागला.